सात इंचांचं वर्तुळ

आजच्या मोटारीचा पुढचा दिवा गोलच असावा, असं कुठलंही तांत्रिक कारण आता उरलेलं नाही. एलईडीचा नखाएवढा ठोकळा बोनेटच्या कडेला आडवा बसवा, मडगार्डच्या टोकाला उभा लावा किंवा जाळीच्या फटीत दडवा; रस्ता उजळायचा तो उजळतोच. तरीही महिंद्राची थार घ्या, जीपची रँग्लर घ्या, फोर्डची नवी ब्रॉन्को, मिनी किंवा मर्सिडीजची जी-क्लास घ्या, या सगळ्यांच्या तोंडावर दोन गोल दिवे आहेत. ज्या काळात गोल दिव्याला पर्यायच नव्हता त्या काळातून ते थेट इथवर आले आहेत, आणि मधल्या वाटेवर त्यांना एकदा हद्दपारही व्हावं लागलं होतं.

सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि त्याची ज्योत रस्ता दाखवायची. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांच्या कल्पनेतून विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकाच यंत्रणेत आले, तेव्हापासून ज्योतीची सद्दी संपत गेली. ज्योत जाऊन तार आली तरी मागचा आरसा मात्र तोच राहिला. अन्वस्त वक्र, म्हणजे पॅराबोला, स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला की एक खोलगट वाटी तयार होते. तिच्या नाभीवर प्रकाशाचा बिंदू ठेवला की किरण एकमेकांना समांतर होऊन लांबवर जातात. फिरवून घडवलेल्या वाटीचं तोंड गोलच असणार. कोणा कारागिराने सौंदर्यदृष्टीने वर्तुळ निवडलं नव्हतं. ते गणितातून आपसूक आलं होतं.

या वाट्या पितळेच्या असत आणि आतून चांदीचा मुलामा दिलेला असे. काचेच्या कडेने दमट हवा आत शिरली की चांदी काळवंडायची. बल्ब बदलताना तार नाभीपासून केसभर सरकली तरी झोत झाडांवर नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत. त्यात प्रत्येक कारखान्याचा दिवा वेगळा, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. गाड्यांचा वेग मात्र दर वर्षी वाढत होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मोटारउद्योग, दिवे बनवणाऱ्या कंपन्या आणि राज्यांचे वाहन अधिकारी यांनी मिळून या गोंधळातून वाट काढली. तिचं नाव सील्ड बीम.

सील्ड बीममध्ये दिवा म्हणून वेगळा भाग उरलाच नाही. समोरची काच आणि मागचा आरसा हे दोन्ही जाड दाबीव काचेचे, वितळवून एकमेकांना कायमचे जोडलेले. आरशाच्या आतल्या बाजूला निर्वात जागेत ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेला थर. आत दोन तारा, एक लांबच्या झोताची आणि एक खालच्या झोताची, कारखान्यातच अचूक जागी बसवलेल्या. अख्खा दिवाच एक मोठा बल्ब झाला. धूळ नाही, ओल नाही, काळवंडणं नाही. व्यास ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर. दिव्यांच्या व्यापारात त्याला पार ५६ म्हणतात. हा आकडा इंचाच्या आठव्या हिश्शांत मोजलेला आहे आणि छप्पन्न अष्टमांश म्हणजे बरोबर सात. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या प्रत्येक मोटारीला असे दोन दिवे, हाच आकार, हेच माप, असा नियम झाला.

हा दिवा बदलणं किती सोपं होतं, ते पाहण्यासारखं आहे. बाहेरच्या क्रोमच्या कड्याचा एक स्क्रू सोडवायचा. कडं हातात येतं. त्याच्या आत दिव्याला धरून ठेवणारी पातळ पत्र्याची रिंग असते, तिचे स्क्रू ढिले करायचे. दिवा पुढे येतो. मागे तीन चपट्या पट्ट्या, त्यांवर बसलेला सॉकेट ओढून काढायचा, नव्या दिव्यावर दाबायचा आणि सगळं उलट क्रमाने लावायचं. पथ्य एकच. कडेला आणखी दोन स्क्रू असतात, एक झोत वरखाली करायला आणि दुसरा डावीउजवीकडे. त्यांना हात लावायचा नाही. लावला तर फोकस गेला. हे काम रस्त्याच्या कडेला, एका स्क्रूड्रायव्हरने, दहा-पंधरा मिनिटांत होत असे. शिवाय श्रीमंताची कॅडिलॅक असो की शेतकऱ्याचा फोर्ड ट्रक, दिवा तोच. पेट्रोल पंपावरच्या फळीवर तो मिळायचा. वाहनाच्या इतक्या महत्त्वाच्या भागाबाबत अशी समता नंतर कधी आली असेल असं मला वाटत नाही.

याच सुमारास, १९४० च्या उन्हाळ्यात, अमेरिकी लष्कराने एका हलक्या चौचाकी टेहळणी गाडीसाठी कारखान्यांकडे मागणी नोंदवली. त्यातून जीप जन्माला आली. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, दोन्ही जवळजवळ एकच. पत्रा ठोकून बनवलेली स्वस्त, सपाट जाळी ही फोर्डची देन; तिच्यात नऊ उभ्या फटी. दिवे जाळीच्या मागे आत घेतलेले, म्हणजे झुडपांतून जाताना फुटू नयेत. त्यांच्या ब्रॅकेटला बिजागरी होती. विंगनट ढिला केला की दिवा उलटा फिरून इंजिनाकडे तोंड करायचा आणि रात्री आघाडीवर बोनेट उघडून दुरुस्ती करणाऱ्या शिपायाला उजेड मिळायचा. या गाडीतली प्रत्येक वस्तू गरजेपोटी आलेली होती, आणि म्हणूनच तिचा तोंडवळा इतका ठाम झाला.

१९४५ मध्ये विलीजने सामान्य ग्राहकांसाठी सीजे-२ए काढली. तिला रस्त्यावरचे मोठे, सात इंची दिवे लागले. मोठ्या दिव्यांनी जागा खाल्ली आणि नऊ फटींच्या सात झाल्या. आज जीपचं बोधचिन्ह म्हणून मिरवणारी सात फटींची जाळी ही अशी दिव्याच्या मापातून आलेली आहे.

हे वर्तुळ मुंबईत आलं तेही जीपबरोबरच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात के. सी. महिंद्र भारताच्या पुरवठा शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. जीपची उपयुक्तता त्यांनी तिथेच हेरली. स्वातंत्र्याच्या आगेमागे सुट्या भागांच्या पेट्या बंदरावर उतरू लागल्या आणि माझगावात विलीजच्या जीपांची जुळणी सुरू झाली. पुढची कित्येक दशकं सरकारी खात्यांत, साखर कारखान्यांत, पोलीस ठाण्यांत ती जीप राबली. तिकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० तयार होऊ लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. तीही गोल दिव्यांची. उत्तरपाड्याची ॲम्बेसिडरसुद्धा. ब्रिटनमध्येही सात इंच हेच माप रुजलेलं होतं, त्यामुळे गाडीचं मूळ अमेरिकी असो की विलायती, आपल्या मेकॅनिकला फारसा फरक पडला नाही. तो ‘डूम’ मागायचा आणि दुकानदार डूम काढून द्यायचा.

त्या काचेवर आपल्याकडे आणखी एक संस्कार व्हायचा. समोरच्याला चमक लागू नये म्हणून काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवत किंवा बरोबर मधोमध काळा ठिपका देत. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटच्या रात्री तर दिव्यांवर काळे कागद चढले. गोल, जवळजवळ सपाट काच असल्यामुळे हे सगळं ब्रशाच्या दोन फटकाऱ्यांत व्हायचं. ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डीपर ॲट नाइट’ लिहिलेलं असायचं तेही याच दिव्यातल्या दुसऱ्या तारेला उद्देशून.

अमेरिकेत मात्र ज्या नियमाने सुरक्षितता आणली त्यानेच हळूहळू बेड्याही घातल्या. १९५७ मध्ये काही राज्यांनी आणि १९५८ पासून सगळ्या राज्यांनी पावणेसहा इंची चार दिव्यांना परवानगी दिली, पण तेही गोल आणि सील्डच. युरोपात या काळात दिवे पुढे निघून गेले. १९५७ मध्ये तिथे खालच्या झोताचा एक भाग आपल्या बाजूच्या कडेवर लांब टाकणारा असमान झोत आला, १९६२ मध्ये हॅलोजन आला. १९६७ च्या सित्रोएन डीएसमध्ये काचेच्या आवरणाआडचे दिवे स्टिअरिंगबरोबर वळणाकडे वळायचे. अमेरिकेत त्याला मनाई होती. १९६८ पासून दिव्यापुढच्या काचेच्या आवरणावरच तिथे बंदी आली. त्यापायी जॅग्वार ई-टाइपला तिच्या सुंदर नाकावरची काच उतरवावी लागली. तिचे दिवे उघडे पडले आणि मूळ रेषा कायमची तुटली. लांब, ठेंगण्या नाकाच्या गाड्यांपुढे अडचण आणखी मोठी होती, कारण नियमाने दिव्याची जमिनीपासूनची किमान उंचीही ठरवलेली. त्यावरची तोड म्हणजे झाकणाआड झोपणारे आणि गरजेला उठणारे पॉपअप दिवे. ही कल्पना १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये गॉर्डन ब्युहरिग यांनी आणली होती, तिथे ते दिवे डॅशबोर्डवरचं हँडल हाताने फिरवून उघडावे लागत. पुढे त्यांची लाट आली आणि गेली. २००४ मध्ये कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रीवरचे शेवटचे पॉपअप बंद झाले.

१९७५ च्या मॉडेलांवर आयताकृती सील्ड बीम आले. तंत्र तेच, फक्त वाटीच्या कडा छाटलेल्या. पण बाजारावर त्यांचा परिणाम जबरदस्त झाला. गोल दिवा एका रात्रीत म्हातारा दिसू लागला. मग तेलाची टंचाई आली, हवेचा रोध कमी करण्याला महत्त्व आलं आणि उभी सपाट काच ही इंधन खाणारी वस्तू ठरली. फोर्डने १९८१ मध्ये नियमबदलाचा अर्ज केला, १९८३ मध्ये तो मान्य झाला. १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन ही १९३९ नंतरची, स्वतःच्या मापाचे दिवे घेऊन आलेली पहिली अमेरिकी गाडी. आत बदलता येणारा बल्ब, बाहेर बॉडीच्या उतारात मिसळणारं प्लॅस्टिकचं आवरण. तिथून पुढे दिवा हा दुकानातल्या फळीवरची वस्तू राहिला नाही, प्रत्येक मॉडेलचा खासगी भाग झाला.

या वाऱ्यात जीपही सापडली. १९८६ मध्ये सीजे बंद करून, तेव्हा जीप बनवणाऱ्या अमेरिकन मोटर्सने तिच्या जागी रँग्लर आणली, अंतर्गत नाव वायजे. सीजे-५ उलटते अशी बदनामी टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी केली होती, म्हणून नवी गाडी रुंद आणि ठेंगणी केली. जुन्या नावापासूनही अंतर हवं होतं. काळ चौकोनांचा होता, त्यामुळे दिवेही चौकोनी झाले. मोजमापाने पाहिलं तर त्या दिव्यांत खोट नव्हती. पण जीपवाल्यांनी ते स्वीकारले नाहीत ते नाहीतच. खऱ्या जीपला गोल दिवे असतात, अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांच्या मागे झळकू लागले. कंपनी १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेली. १९९७ च्या मॉडेलची टीजे आली तेव्हा सगळ्यात आधी लोकांच्या नजरेत भरलं ते हेच की गोल दिवे परतले आहेत. आणि ते सात इंचीच होते. जुन्या सीजेच्या घरात बसणारा दिवा टीजेलाही चालला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. इथे पहिल्यांदा गोल आकार कोणत्याही नियमाविना, ग्राहकांच्या हट्टापायी निवडला गेला.

पोर्शची कथा याच काळातली, पण वेगळ्या दिशेने गेलेली. १९६३ पासून ९११ चे दिवे मडगार्डच्या टोकाला गोल होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बुडायला आली, खर्च कापायचा होता. म्हणून १९९६ ची स्वस्त बॉक्स्टर आणि १९९७ ची ९११, म्हणजे ९९६, या दोघींचा पुढचा भाग एकच ठेवला. दिव्यात इंडिकेटरसकट सगळं एका खोक्यात भरलं, जुळणीच्या रांगेवर ते झटकन बसायचं. कारखान्याच्या दृष्टीने हुशारी. पण खाली ओघळलेल्या त्या पिवळट आकाराला जर्मनीत लोकांनी तळलेलं अंडं म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. गाडी खपली, कंपनी वाचली. तरी २००४ मध्ये पुढची ९९७ आली ती गोल दिवे घेऊन. त्यानंतर पोर्शने त्या आकाराला हात लावलेला नाही. आज ९११ च्या वर्तुळात चार ठिपक्यांचे एलईडी असतात. वर्तुळ १९६३ चं, ठिपके या शतकातले.

इथून जुन्या गाड्यांकडे वळून पाहण्याची रीतच पडली. २००१ ची मिनी आली तेव्हा १९५९ च्या अलेक इसिगोनिस यांच्या मिनीचे दिवे मोठे होऊन तिच्यावर आले, आणि बोनेट उघडलं की दिवेही त्याच्याबरोबर वर उचलले जायचे. फियाट ५०० आली, ब्रॉन्को परतली. यातल्या काही गाड्यांत गोल आकार पोकळ वाटतो. आत एलईडीचा कोपऱ्याएवढाच झोत आणि भोवती नुसतं उजळणारं कडं. वर्तुळाला करायला कामच नाही. जीपवाल्यांचा हट्ट मला त्यापेक्षा अधिक पटतो, कारण तिथे दिव्याचा आकार गाडीच्या जाळीशी, उभ्या तोंडाशी, सगळ्या बांधणीशी बांधलेला आहे.

ही बांधणी किती मोलाची होती ते पुढे कायद्याच्या भाषेतही उमटलं. महिंद्राने २०१८ मध्ये मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स इथे रॉक्सर नावाची, फक्त कच्च्या रस्त्यांसाठीची गाडी जोडायला सुरुवात केली. मूळ अर्थातच माझगावातली ती जुनी जीप. जीपची तेव्हाची मालक असलेल्या फियाट क्रायस्लरचं अमेरिकेतलं मुख्यालय त्याच गावात. त्यांनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जीपचा तोंडवळा म्हणजे नेमकं काय, याची त्यांनी मुद्द्यांत फोड केली होती: चौकोनी पेटीसारखी बॉडी, सपाट बोनेट, बाहेरचे कडीकोयंडे, आणि उभ्या फटींची सपाट जाळी, जिच्या वरच्या भागात गोल दिवे आहेत आणि जिची कड त्या दिव्यांभोवती वळते. २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली आणि त्या रूपातल्या रॉक्सरला मज्जाव केला. महिंद्राने पुढचा भाग बदलला, तेव्हा वर्षअखेरीस आयोगाने नव्या रूपाला हरकत नसल्याचं सांगितलं. १९४० साली सर्वांना सक्तीचं केलेलं वर्तुळ ऐंशी वर्षांनी एका कंपनीच्या मालकीच्या रूपाचा भाग ठरलं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. विशेषतः ज्या शहराने ती जीप अर्धशतकाहून जास्त काळ स्वतःच्या हातांनी बांधली, त्या शहराचा वारसा त्या निवाड्यात कुठेच मोजला गेला नाही म्हणून.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नाशिकच्या कारखान्यातली नवी थार भारतात आली, गोल दिव्यांसह, साध्या हॅलोजन बल्बसह. तिला इथे कोणी अडवलं नाही, आणि तरुण मुलांनी तिच्यावर जो जीव टाकला त्यात त्या तोंडवळ्याचा वाटा मोठा आहे. पद्मिनी मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतळांवरून कायमची गेली.

जुन्या गाड्यांकडून आजच्या दिव्यांनी आकार घेतला, पण त्या आकाराचं खरं मोल घेतलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सात इंचांच्या वर्तुळाचं मोल त्याच्या अदलाबदलीत होतं. आजचा एलईडी दिवा निकामी झाला तर बहुतेक वेळा अख्खा संच बदलावा लागतो, तोही त्याच मॉडेलचा. प्लॅस्टिकचं आवरण उन्हाने पिवळं पडतं. लोक टूथपेस्ट घासून चार महिने ढकलतात. काचेचा सील्ड बीम कधी पिवळा पडला नाही. एलईडीचा उजेड पूर्वीच्या दिव्यांपेक्षा कितीतरी चांगला आहे, रात्रीचा घाट चढणाऱ्याला तो वरदानच आहे, हे मी मनापासून मान्य करतो. पण चांगला उजेड आणि एकसारखं माप यांत मुळात वैर नाही. सात इंची मापाचे एलईडी दिवे आज बाजारात मिळतात आणि ते सीजेलाही लागतात, टीजेलाही.

रँग्लरची पिढी बदलून २०१७ मध्ये जेएल आली. तिच्या रचनाकारांनी जुन्या सीजेला मान देण्यासाठी दिवे मुद्दाम इतके मोठे ठेवले की ते जाळीच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या फटींत घुसतात. दिसायला ती टीजेपेक्षाही जुनी दिसते. पण तिच्या दिव्याचं माप साधारण नऊ इंच आहे. सात इंची दिवा त्यात बसवायचा तर मध्ये जोडकडं घालावं लागतं. अशी कडी मिळतात, आणि लोक ती विकत घेऊन बसवतात.